लिलवात्नेतचा दोर

शर्यतीच्या आधीचा आठवडाभर इल्वा नुसती तापमान बघत होती. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर एक थर्मामीटर, सरपणाच्या खोपटाला दुसरं आणि फोनमध्ये तिसरं. तिघांचं आपसात कधी पटायचं नाही, आणि इल्वा त्यातलं सगळ्यात वाईट असेल तेवढंच खरं धरून चालायची. तिचा नवरा एस्किल म्हणायचा, तू हवामान खात्यात का नाही गेलीस, निदान घाबरण्याचा पगार तरी मिळाला असता.

ती उमेओ शहरात शिकलेली, तिथेच पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काही वर्षं नोकरी केलेली, आणि बाळंतपणासाठी म्हणून गावी आली ती राहिलीच. मुलगी तीरा आता रांगायच्या बेतात होती. गावातली सगळी तान्ही पोरं दुपारची झोप अंगणात, बर्फाशेजारी, बाबागाडीतच घेतात. तीराही घ्यायची. पण बाकीच्या आया तेवढ्या वेळात पाय पसरून कॉफी पितात, आणि इल्वा घडीघडी बाहेर जाऊन पोरीच्या नाकाला बोट लावून यायची.

"अगं, बघून बघून तिची झोप झिजवशील," तिची आई मेर्ता म्हणायची. "तू याहून कडक थंडीत झोपायचीस. मी आत बसून पडदे शिवायचे."

पण त्या आठवड्यात थर्मामीटर बघणं तीरासाठी नव्हतंच. ते मेर्तासाठी होतं.

मेर्ताने उभी हयात शाळेची बस चालवली होती. बर्फाच्या वादळात, काळोखात, रस्त्यात रेनडिअर आडवे उभे असताना. फेब्रुवारीतली सात गावांची स्कीची शर्यत तिने तरुणपणापासून चुकवली नव्हती. इल्वा पोटात होती तेव्हाही ती गेली होती आणि परत आल्यावर तिची तक्रार एवढीच, की काठ्या मारताना पोट मध्ये येतं. जिंकण्याबिंकण्याशी तिचा संबंध नव्हता. सकाळी निघायचं, वाटेतल्या प्रत्येक गावात ब्लूबेरीचं गरम सार प्यायचं, वेलदोड्याचा पाव खायचा, ओळखीच्यांची चौकशी करायची, आणि दिवे लागायच्या सुमाराला तळं ओलांडून चर्चच्या दाराशी पोहोचायचं.

मागल्या शरदात बटाटे काढता काढता ती वाफ्यातच खाली बसली. हृदयाचं दुखणं निघालं. रक्तवाहिनीत जाळी बसवून डॉक्टरांनी घरी पाठवलं, पण नाताळभर मेर्ता आपल्याच घरात पाहुणीसारखी वावरत होती. जानेवारीत एक दिवस तिने भिंतीवरच्या स्की काढल्या आणि रानातल्या वाटेने थोडी जाऊन आली. मग थोडी अजून. डॉक्टर म्हणाले, जाऊ द्या, फक्त धावपळ नको. इल्वाने स्वतः वेगळा फोन करून त्यांना विचारलं. त्यांनी तेच सांगितलं. तिने पुन्हा फोन केला तेव्हाही तेच सांगितलं, पण जरा कोरडेपणाने.

"आई, हे एक वर्ष राहू दे," इल्वा म्हणाली. मेर्ता तेव्हा बाकावर स्की आडवी टाकून तिला मेण घासत होती. "पुढच्या वर्षी जा ना."

"पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी." मेर्ताने हात थांबवला नाही. मग थांबवला. "त्या दिवसापासून मी जिना चढतानासुद्धा छातीला कान लावून असते, इल्वा. बाहेर पडले की आधी बसायची जागा शोधते. मला एकदा चर्चच्या दारापर्यंत जाऊन बघायचंय, मी अजून मीच आहे का. पोहोचले तर मग तू म्हणशील तशी वागेन. वाटलं तर मला कपाटात ठेव आणि रविवारी पुसून घे."

इल्वाला हसू आलं नाही. आईला अडवता येत नाही तर निदान नजरेखाली ठेवावं म्हणून तिने दुसऱ्या दिवशी स्वयंसेवकांत नाव दिलं, आणि आपल्याला लिलवात्नेतच्या ठाण्यावरच घ्या म्हणून सांगितलं.

लिलवात्नेत म्हणजे वाटेतलं शेवटचं गाव, आणि शेवटचं ठाणं. शर्यतीत गावोगावी एक ठाणं असतं आणि प्रत्येक ठाण्याची बंद व्हायची वेळ ठरलेली असते. ती वेळ झाली, शिट्टी वाजली, की स्कीच्या चाकोऱ्यांवर आडवा दोर लागतो. दोराच्या पलीकडे गेला तो गेला. अलीकडे राहिला त्याने स्की काढायच्या, छातीवरचा नंबर उतरवू द्यायचा आणि बसमध्ये जाऊन बसायचं. अंधार पडल्यावर कुणी एकटंदुकटं वाटेत अडकू नये म्हणून केलेला नियम. त्यात वाकडं काही नाही. लिलवात्नेतनंतर एक लांब उतार, मग मोठं गोठलेलं तळं आणि तळ्याच्या पलीकडच्या काठावर चर्च. इथला दोर ओलांडला की माणूस पोहोचल्यातच जमा.

आता नियमात दोर लावायची वेळ आहे, पण चालायचं कसं ते कुठे लिहिलेलं नाही. एक जण बर्चच्या झाडाशी दोराचं एक टोक धरून उभा राहतो. दुसरा दुसरं टोक घेऊन चाकोऱ्या ओलांडतो आणि समोरच्या खांबाला अडकवतो. या ओलांडण्याचीच लिलवात्नेतमध्ये एक रीत पडून गेलेली. खालच्या कुरणातून कुणी वर येताना दिसत असेल, तर दोर नेणाऱ्याला वाटेत हजार कामं आठवतात. बुटाची नाडी सुटते. हातमोज्यात बर्फ जातं, ते झटकायला हवं. आभाळाकडे बघून उद्याचा अंदाज घ्यायला हवा. तोवर तो येणारा धापा टाकत निघून जातो, आणि मग दोर खांबाला लागतो. बाकीची गावं चेष्टा करतात, की लिलवात्नेतकरांचा दोर पोहोचेपर्यंत वसंत येतो. शर्यतीच्या समितीला हे ठाऊक आहे. त्या वेळी समितीचं कुणी तिथे असलंच तर नेमकं कॉफी प्यायला वळतं.

इतकी वर्षं दोर सिक्स्टेन नेत असे. तो मेर्ताच्या वर्गातला, लहानपणी तिला बर्फाचे गोळे मारणारा, आणि म्हातारपणी तिच्याशी सरपणाच्या रचाईवरून वाद घालणारा. यंदा त्याच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून तो बर्चपाशी उभा राहणार होता आणि दोर न्यायला पाय धड असलेलं कुणीतरी हवं होतं. ठाण्याची प्रमुख गुनिला, शाळेच्या स्वयंपाकघरात सगळ्या गावाला जेवू घातलेली बाई. तिने इल्वाकडे बोट दाखवलं.

सिक्स्टेनने सकाळीच तिला शिकवून ठेवलं. "दातांच्या डॉक्टरकडे निघाल्यासारखं चालायचं. पोहोचायचं तर आहेच, पण घाई कुणाला आहे?"

"आणि कुणी खूपच लांब असलं तर, सिक्स्टेनकाका?"

"तर दोन्ही नाड्या बांधायच्या."

दिवस उजाडला तो निळाभोर आणि कडक. श्वास घेतला की नाकातले केस ताठ व्हायचे. पिंपात पेटवलेल्या शेकोटीभोवती उभं राहिलं तर तोंड भाजायचं आणि पाठ गोठायची. पुढचे शर्यतबाज आले तसे गेले. त्यांनी साराकडे बघितलंही नाही. मग माणसं येऊ लागली. मिशांवर बर्फ जमलेले बाप्ये, तोंडं लालबुंद झालेल्या बायका, आजोबांची टोपी घातलेला एक जण, दोघं नुकतीच लग्न झालेली, वाटभर भांडत आलेली. इल्वा सार ओतायची, पाव द्यायची, आणि प्रत्येकाच्या गालावर हिमदंशाचा पांढरा डाग उठलाय का ते बघायची. दोनदा तिने लोकांना गालावर तळवा धरून उभं राहायला लावलं. गुनिला म्हणाली, हिला एकटीला उभं केलं तरी रेड क्रॉसचं काम होईल.

मधूनमधून ती घरी फोन करत होती. तीरा झोपलीये, एस्किलने सांगितलं. पुढच्या खेपेला तो म्हणाला, "ती अजून झोपलीये. तुझ्या फोनने मी तेवढा उठलो."

मेर्ताची खबर दुपारी आली. आधीच्या ठाण्यावरून गुनिलाला फोन आला, की मेर्ता आत्ताच निघाली, दोन पाव खाऊन, वर सार पातळ आहे म्हणून सांगून. सगळे हसले. इल्वाही हसली आणि हसता हसता तिने हिशेब मांडला. आधीच्या ठाण्यापासून इथवर सगळा चढ. म्हणजे आई वेळेच्या काठावर येणार. म्हणजे तळ्यावर ती एकटी असणार, मागे कुणी नाही, आणि सूर्य पाइनच्या शेंड्यांखाली गेलेला.

तळं तिच्या डोळ्यांसमोर आलं आणि हटेना. सपाट, पांढरं, आणि मध्ये कुठेतरी एक गडद ठिपका, न हलणारा. तिने पायाची बोटं बुटात आखडली, सोडली. सिक्स्टेन काहीतरी बोलत होता, रेनडिअरबद्दल बहुतेक. ती हं हं करत होती.

गुनिलाने घड्याळ बघितलं आणि गळ्यातली शिट्टी तोंडात धरली. त्याच क्षणी कुरणाच्या खालच्या टोकाला निळी टोपी वर आली. टोपी, मग खांदे, मग काठ्या. मेर्ता एका लयीत येत होती. काठी, घसर, काठी, घसर. नेहमीच्या चालीने दोर निघाला असता तर ती सहज पार झाली असती. दुसरी नाडी बांधायचीही गरज पडली नसती.

शिट्टी वाजली. इल्वाने दोराचं टोक उचललं आणि ती चालू लागली.

त्या वेळी मनात काय होतं, हे तिने पुढे कितीतरी वेळा आठवून बघितलं. मनात काहीच नव्हतं. फक्त ते तळं होतं. पाय आपोआप पडत होते, आत बाळ रडलं की पडतात तसे. मागून सिक्स्टेनचा आवाज आला, हळू, जणू सहज आठवलं म्हणून.

"इल्वा. बूट. नाडी बघ."

तिने ऐकलं. चांगलं स्पष्ट ऐकलं. ती थांबली नाही. खांबाशी पोहोचून तिने दोर अडकवला, आणि नुसता अडकवायचा असतो तरी वर गाठही मारली.

मग ती वळली. मेर्ता दोराच्या अलीकडे, दोन स्कींच्या अंतरावर थांबली होती. काठ्यांवर रेललेली, पण दमलेली नव्हती. हे इल्वाला पहिल्या नजरेत दिसलं, कारण बघण्याचीच तिला सवय होती. श्वास ठीक होता. गाल लाल होते, कुठे पांढरा डाग नाही. डोळे चमकत होते, आणि ती चमक विझायला अजून एक क्षण होता. तळ्यासाठी म्हणून तिने चढावर दम राखून ठेवला होता. तिला आपलं अंग नीट माहीत होतं.

मेर्ताने दोराकडे पाहिलं नाही, इल्वाच्या तोंडाकडेही नाही. तिने बर्फाकडे पाहिलं. चाकोऱ्यांवरून खांबापर्यंत गेलेल्या पावलांकडे. सरळ रेघ, कुठे थबकणं नाही, कुठे वळणं नाही.

"लांब टांगा टाकल्यास गं," ती म्हणाली.

एवढंच. मग तिने वाकून स्की स्वतःच काढल्या. नंबर दोर नेणाऱ्यानेच उतरवायचा असतो, ही रीत. इल्वाने हातमोजे काढून आईच्या बगलेतल्या बंदांच्या गाठी सोडल्या. मेर्ता हात थोडे वर धरून उभी राहिली, कपडे बदलून घेणाऱ्या मुलासारखी. बर्चपाशी सिक्स्टेन झाडाच्या सालीकडे बघत होता.

बसच्या खिडकीतून मेर्ता बाहेर बघत बसली. तिला कुणी चिडवलं नाही. एरवी बसमध्ये बसलेल्यांना चिडवायची पद्धत आहे.

गुनिलाने इल्वाच्या पाठीवर थाप मारली. म्हणाली, आपल्या माणसाच्या बाबतीत नियम पाळणं अवघड असतं, शाबास. एस्किल म्हणाला, बरं झालं, तुलाही आज झोप लागेल. शेजारीपाजारी, दुकानातली बाई, सगळे हेच म्हणाले, की एवढ्या दुखण्यानंतर आईला तळ्यावर जाऊ दिलं नाहीस, शहाणी आहेस. प्रत्येक शाबासकीला इल्वा विषय बदलत गेली. कारण त्या संध्याकाळी तळ्यावर वाऱ्याचा श्वासही नव्हता. चंद्र उगवला होता. शेवटचे लोक गात गात पलीकडे गेले, आणि त्यांचं गाणं काठापर्यंत ऐकू येत होतं.

इल्वाने मारलेली ती गाठ सिक्स्टेनने दोर गुंडाळून देताना दातांनी सोडवली.

काही दिवस गेल्यावर इल्वा आईकडे गेली. तीराला मांडीवर घेऊन मेर्ता खिडकीशी बसली होती. इल्वाने सांगायला सुरुवात केली, की मी मुद्दाम तशी चालले, मला थांबता आलं असतं, सिक्स्टेनकाकांनी आठवणही करून दिली होती. मेर्ताने तिला पुरतं बोलूही दिलं नाही.

"माहितीये मला," ती म्हणाली. "चिडलेली नाहीये मी. तुझी नजर तीक्ष्ण आहे, लहानपणापासून. तुला काहीतरी दिसलं असणार माझ्यात, म्हणून निघालीस तशी."

"काही दिसलं नव्हतं, आई. तू छान येत होतीस. तू पोहोचली असतीस."

मेर्ता हसली. लहान मुलाने आपला खाऊ पुढे केला की मोठी माणसं हसतात, तशी. "असू दे. आतून मला काही वाटलं नाही, हीच तर भीती. त्या बटाट्यांच्या दिवशीही मला काही वाटलं नव्हतं." आणि तिने तीराच्या कुंचीची नाडी उगाच घट्ट केली.

इल्वाने पुन्हा सांगितलं. त्या आठवड्यात सांगितलं, पुढच्या आठवड्यात सांगितलं. चिडून सांगितलं, एकदा रडून सांगितलं. जितकं सांगावं तितकी मेर्ताची खात्री पटत गेली, की पोरगी आपल्याशी जपून बोलतेय, म्हणजे नक्कीच काहीतरी आहे.

स्की चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीत गेल्या. इल्वाला ते नंतर कळलं. आधी तिला वाटलं, आई ऐकायला लागली. मेर्ता घसरड्या दिवशी बाहेर पडेनाशी झाली. दुकानात जायच्या आधी फोन करून विचारू लागली, आज जाऊ का गं, की उद्या जाऊ. सरपण फोडायला तिने माणूस लावला. गोळ्या वेळेवर, झोप वेळेवर. इल्वा जन्मभर जी आई मागत होती, तीच समोर येऊन बसली होती, आणि पहिले काही दिवस तिला खरंच गाढ झोप लागली. ते आठवलं की तिला आता सगळ्यात जास्त लाज वाटते.

एप्रिल आला. छपरांवरून पाणी ठिबकू लागलं, अंगणातलं बर्फ करडं पडलं, मधूनच काळी माती दिसू लागली. एका दुपारी मेर्ता आली होती आणि जायला निघाली. इल्वा भांडी आवरत होती. बऱ्याच वेळाने तिच्या लक्षात आलं, की फाटक वाजलंच नाही.

ती बाहेर आली. मेर्ता कोट घालून, टोपी घालून, पिशवी हातात घेऊन व्हरांड्याच्या वरच्या पायरीवर उभी होती. खाली तीन पायऱ्या, कोरड्या. त्यापुढे चार पावलांवर फाटक.

"आई, काय झालं?"

"काही नाही. म्हटलं, तू येशील." मेर्ता पायरीकडे बघत होती. "हात दे जरा."

"कोरडं आहे गं सगळं. जा ना. मी इथेच उभी आहे, बघतेय."

"नको. तू धर."

इल्वाने हात पुढे केला. मेर्ताने तो कोपरापाशी धरला आणि पाय उचलला, आणि तिचा भार इल्वाच्या हातावर आला. सगळा भार, काही न राखता. इतक्या वर्षांत इल्वाने आईला कधी उचललं नव्हतं, कधी सावरलंही नव्हतं, त्यामुळे ती केवढी आहे हे तिला माहीतच नव्हतं.

आत तीरा उठली आणि रडायला लागली.

"पोरगी रडतेय," मेर्ता म्हणाली, पण पकड सैल केली नाही.

"रडू दे," इल्वा म्हणाली. आणि खालच्या पायरीवर पाय रोवून, आई पुढचा पाय कधी टाकते याची वाट बघत उभी राहिली.